नाताळ येतो नि जातो, मनाला काहीच होत नाही : एका ताईंच्या प्रश्नाला जरा लांबलेलं उत्तर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. माहेर नगरकडचं, वाढलात मराठी प्रोटेस्टंट मंडळीत, लग्न करून मडगावला आलात, घरचे सगळे कॅथलिक, नोकरी वेर्ण्याला, आणि डिसेंबर दरवर्षी असा पळतो की 24 च्या रात्री मिस्साला (चर्चमधल्या मुख्य उपासनेला) उभं राहिलं तरी डोक्यात सोरपोतेल (डुकराच्या मटणाचा सणाचा पदार्थ) गरम कधी करायचं आणि पाहुणे किती, एवढंच. मिस्सा कोकणीतून असतो, शब्द कळतात पण आत उतरत नाहीत. तुम्ही विचारलंय, मन तयार व्हायला कुठली प्रार्थना करायची आणि रोज किती वेळ. आणि मग जाता जाता एक ओळ टाकलीय की यंदा जावेशी बोलणं बंद आहे त्यामुळे तसाही मूड नाही.

खरं सांगू का, मला तुमचा प्रश्न त्या शेवटच्या ओळीतच दिसला. आमच्याकडे आगमनकाळात, म्हणजे नाताळआधीच्या चार आठवड्यांत, मी बरीच वर्षं छोटे प्रार्थना-गट घेते, बहुतेक बायका, दोन-चार हॉटेलात काम करणारी मुलं, काही तुमच्यासारखे महाराष्ट्रातून आलेले. सगळे पहिल्या दिवशी ‘किती वेळ, कुठली प्रार्थना’ हेच विचारतात. आणि थोडं बोलतं केलं की कळतं वेळ हा प्रॉब्लेम नाहीच, मन रिकामं नाहीये, तिथे आधीच कोणीतरी बसलंय. कोणाकडे भाऊ, कोणाकडे कर्ज, कोणाकडे मुलाचं लग्न जमत नाही ते. अशा मनावर अजून तीन प्रार्थना चढवल्या तर फक्त कामाच्या यादीत तीन कामं वाढतात. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे, प्रार्थना वाढवू नका, थोडीच करा पण जे मनात बसलंय त्याला घेऊनच करा.

आता हे सगळ्यांना सारखं लागू पडत नाही हेही आधीच सांगते. ज्यांच्या घरात तान्हं मूल आहे त्यांना शांत अर्धा तास मिळणारच नाही, त्यांनी तो शोधू पण नये. हॉटेल आणि टॅक्सीवाल्यांचा तर डिसेंबर म्हणजे सीझन, 24 ला ड्युटी लागते आणि सुट्टी मागितली तर मॅनेजर हसतो, त्यांनी दुसऱ्या दिवशीचा कुठलाही मिस्सा धरावा आणि अपराधी वाटून घेऊ नये. ज्यांच्या घरात वर्षभरात कोणी गेलंय, जिथे यंदा नेवऱ्या (करंज्या) तळत नाहीत आणि शेजारीच ताट पाठवतात, त्यांना मी आनंदी व्हायला सांगतच नाही. मध्यरात्रीच्या मिस्सात पहिलं वाचन यशयाचं असतं, अंधारात चालणाऱ्या लोकांनी मोठा प्रकाश पाहिला ते, आणि माझा अनुभव असा की ते वाचन सगळ्यात नीट ऐकतात ते दुखवट्यातलेच लोक. आणि महिनोन्महिने झोप नाही, कशातच राम वाटत नाही असं असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, तिथे ‘अजून प्रार्थना कर’ म्हणणं म्हणजे माणसाला अजून खाली ढकलणं.

तुमच्या प्रश्नातली दुसरी गोष्ट, डिसेंबर पळतो ही. गोव्यात त्याला कारणही आहे. आगमनकाळ सुरू होतो 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांच्यामध्ये जो रविवार येईल त्या दिवशी, आणि तोपर्यंत इथे जुन्या गोव्याची नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) चालूच असते, 3 ला सायबाचं, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरचं फेस्त (सण), 8 ला पणजीचं फेस्त आणि तिथली फेरी (जत्रेचा बाजार), मग स्टार, गोठा (येशूजन्माचा देखावा), ऑफिसची पार्टी, कुसवाडाची (नाताळच्या फराळाची) ऑर्डर. चर्च मात्र त्या वेळी उलट वागत असतं. जांभळा रंग, फुलं कमी, रविवारी ग्लोरिया (देवाच्या गौरवाचं गीत) म्हणत नाहीत, तो थेट नाताळच्या रात्री घंटा वाजवून परत येतो. म्हणजे चर्च थांबायला सांगतंय आणि आपण पंधरा दिवस आधीच केक कापून मोकळे, मग 25 ला पोट भरलेलं आणि मन म्हणतं झालं की आता, अजून काय. मी सणाच्या विरुद्ध नाही हां, मला स्वतःला बेबिंक (थरांचा गोड केक) दोन तुकड्यांवर थांबवत नाही. फक्त घरात एक तरी गोष्ट अशी ठेवा जी 24 पर्यंत अपुरी राहील. गोठ्यात बाळ ठेवू नका, किंवा एखादा गोड पदार्थ रात्रीच्या मिस्सानंतरच उघडा. मुलं ओरडतात, ओरडू दे.

आणि 3 तारखेचं निघालंच आहे तर, फ्रान्सिस झेवियरबद्दल आपण चमत्कार खूप सांगतो, पण ते गेले कसे ते कोणी फारसं बोलत नाही. 1542 ला गोव्यात आले, पुढे कुठे कुठे फिरले, आणि 1552 च्या 3 डिसेंबरला चीनच्या किनाऱ्याजवळ एका बेटावर तापाने वारले. चीन समोर होता, एका व्यापाऱ्याने होडीतून गुपचूप नेतो म्हणून कबूल केलं होतं, ती होडी आलीच नाही. वाट बघतच गेले. आमच्या गटात पहिल्या आठवड्यात मी हेच घेते आणि विचारते, तुमची कुठली होडी आली नाही? लोक आधी हसतात, मग गप्प होतात आणि मग बोलायला लागतात, नोकरी म्हणतात, मूल म्हणतात, एक जण म्हणाला ‘बापाचं सॉरी’. आगमनकाळाची खरी प्रार्थना मला वाटतं तिथूनच सुरू होते, देवाला सांगायचं की याची मी वाट बघत होते आणि हे आलं नाही, आता तू ये.

भाषेचं सांगते. कोकणी मिस्सा उतरत नाही यात कमीपणा काही नाही, माणूस लहानपणी ज्या भाषेत रडला त्या भाषेत त्याची प्रार्थना पटकन चालते. उपाय अगदी साधा, त्या दिवसाचं शुभवर्तमान घरी मराठी बायबलमधून आधी वाचून जा, दोन मिनिटं लागतात. मग चर्चमध्ये तेच कोकणीतून ऐकताना तुम्हाला शब्दांमागे धावावं लागत नाही. आणि तुम्ही ज्या साष्टीत (मडगावच्या तालुक्यात) राहता तिथेच फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूने ख्रिस्ताची सगळी कथा मराठी ओव्यांमध्ये लिहिली होती, ती 1616 ला राशोलला छापली, तीही रोमी लिपीत! त्या ख्रिस्तपुराणात पहिलं अख्खं पुराण जुन्या कराराचं आहे, म्हणजे येशूचा जन्म व्हायच्या आधी श्रोत्याला केवढी वाट बघायला लावली बघा. तेव्हा इथे मराठीतून प्रार्थना करताना परकं वाटायचं काही कारण नाही.

आता रोजचं. एकच ओळ धरा, अख्ख्या आठवड्याला एक. जास्त नको. लूकच्या पहिल्या दोन अध्यायांतून घ्या, ‘उतारशाळेत जागा नव्हती’ ही एक, मरियेचं ‘मला होवो’ ही एक, अशा. सकाळी मोबाईल हातात घ्यायच्या आधी ती ओळ सावकाश म्हणायची आणि मग तिला डोक्यात तशीच सोडून कामाला लागायचं, अर्थ काढत बसायचं नाही. वेर्ण्याच्या बसमध्ये परत आठवते, कोणी बॉस काहीतरी बोलला की आठवते, आणि तेव्हा ती वेगळीच ऐकू येते. रात्री झोपताना पाच-सात मिनिटं, जेझुइट संघ स्थापणाऱ्या इग्नेशियस लोयोलांची जी दिवस तपासायची रीत आहे तिचं घरगुती रूप: आज कशाबद्दल थँक यू म्हणू, आज देव कुठे जवळ वाटला, आज मी कुठे दार लावून घेतलं, आणि उद्यासाठी काय मदत हवी. तिसऱ्या प्रश्नावर लोक स्वतःला झोडपायला लागतात, तसं करू नका. फक्त बघायचं आणि नाव घ्यायचं. झोप लागली मधेच तर लागली.

ज्यांना कल्पना करायला आवडते त्यांच्यासाठी लोयोलांनीच दुसरी एक गोष्ट सांगितलीय. नाझरेथपासून बेथलेहेमपर्यंतचा रस्ता डोळ्यापुढे आणायचा, किती लांब, सपाट की दऱ्याखोऱ्यांतून, मग ती जागा, किती मोठी, किती बुटकी, आत काय काय आहे, आणि आपण त्या कुटुंबाची एक गरीब मोलकरीण आहोत असं समजून तिथे उभं राहायचं आणि त्यांना काय हवं-नको ते बघायचं. आमच्या गटात एकीने हे केलं आणि म्हणाली ‘मला काही दर्शन वगैरे झालं नाही बाई, मी फक्त पाणी तापवत होते’. मला तर तीच सगळ्यात चांगली प्रार्थना वाटली. बायकांना हे पटकन जमतं, पुरुष मंडळी आधी रस्त्याचे किलोमीटर विचारतात.

तुमचं स्वयंपाकघराचं टेन्शन आहे ना, त्याला प्रार्थनेच्या विरुद्ध उभं करू नका. डोडल करताना नारळाचा रस, तांदळाचं पीठ आणि काळा गूळ तासन्‌तास ढवळावा लागतो, हात काढला की खाली लागतो, तेव्हा फोनवर रील बघता येत नाही हे किती बरं! त्या वेळी छोटी ओळ धरा, ‘प्रभू येशू, ये’, ढवळण्याच्या तालावर. पहिल्या शतकातले ख्रिस्ती लोक ‘मारानाथा’ म्हणायचे ते हेच. कुलकुल वळायला पोरांना बसवलंत की प्रत्येक मूठभर कुलकुलांमागे एका माणसाचं नाव घ्यायला सांगा, पोरं आधी क्रिकेटर्सची नावं घेतात, चालतं, हळूहळू आजीवर येतात.

आता जाऊबाई. मत्तयमध्ये येशू म्हणतो की वेदीवर दान आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जा, समेट कर, मग ये. यात गंमत बघा, ‘तुझ्या मनात’ नाही म्हटलंय, ‘त्याच्या मनात’ म्हटलंय. चूक कोणाची हा प्रश्नच नाही तिथे. पण म्हणून एकदम ‘मला माफ कर’ म्हणून तिच्या दारात उभ्या राहू नका, दोघी नाटकात उभ्या असल्यासारखं होतं. पहिला आठवडा फक्त तिचं नाव घ्या, विशेषण न लावता. देवाला तिच्याबद्दल माहिती पुरवायची नाही, त्याला आहे. हे वाटतं तेवढं सोपं नाहीये, तिसऱ्या दिवशी जीभ आपोआप ‘त्या आगाऊ बाईला सद्बुद्धी दे’ वर जाते, तेव्हा परत नुसत्या नावावर यायचं.

मग साधारण नाताळच्या नोव्हेनाच्या आधी, म्हणजे 16 च्या आत, एक छोटी कृती. आणि इथे माझं मत जरा वेगळं आहे, लोक म्हणतात काहीतरी द्या, मी म्हणते काहीतरी मागा. आमच्या गटातल्या एकीचं वहिनीशी दोन नाताळ बोलणं नव्हतं. पहिल्या वर्षी तिने कुसवाडाचं भरगच्च ताट पाठवलं, ते तसंच्या तसं शेजारणीकडे गेलं. पुढच्या वर्षी तिने स्वतः जाऊन सांगितलं, माझं नेवऱ्यांचं कातण मोडलंय, तुझं दोन दिवस देतेस का. वहिनीने आतून ते पितळेचं जुनं कातण आणलं, पदराने पुसलं, आणि म्हणाली ‘जपून हां, आईचं आहे’. बस, एवढंच बोलणं. पण परत द्यायला जावंच लागतं ना. देताना आपण मोठे होतो आणि समोरच्याला ऋणी बनवतो, मागताना ती मोठी होते. शमरोनी बाईकडे येशूने पण आधी पाणीच मागितलं होतं.

एक सावधगिरी सांगितली पाहिजे. इथे घरांच्या वाटण्या, इन्व्हेंटरीच्या (वारसा-वाटपाच्या) केसी वर्षानुवर्षं चालतात, कुठे मारहाण असते, दारू असते. क्षमा करणं म्हणजे केस मागे घेणं किंवा जिथे जीवाला धोका आहे त्या घरात पाय ठेवणं असं मी कोणालाच सांगत नाही. तिथे नाव घेण्यापर्यंत आलात तरी खूप झालं, बाकी वकील आणि फादर यांच्याशी बोला.

16 पासून नऊ दिवस नोव्हेना, आणि 17 पासून मिस्सातली रोजची वाचनं एकदम जन्माच्या गोष्टीकडे वळतात. तुम्ही बाकी काही नाही केलंत तरी हे आठ दिवस करा, रोज एक तुकडा. 17 ला मत्तयमधली वंशावळ, सगळे जण कंटाळून वगळतात ती. वगळू नका, त्यात तामार आहे, राहाब आहे, रूथ आहे, उरियाची बायको आहे, म्हणजे चार लोकांत सांगायला घरचे कचरतील अशा गोष्टी येशूच्या घराण्यात आहेत आणि मत्तयने त्या पहिल्याच पानावर ठेवल्यात. त्या दिवशी आपल्या माहेर-सासरच्या माणसांची नावं कागदावर लिहा, जावेचं पण, आणि प्रत्येकावर क्षणभर थांबा. 18 ला योसेफाचं स्वप्न. 19 ला जखऱ्या, देवदूतावर विश्वास बसला नाही म्हणून मुका झालेला याजक, आणि मजा म्हणजे 19 डिसेंबर आपला मुक्तिदिन, गोव्यात सुट्टी! नवऱ्याला सांगा मुलांना बीचवर ने, आणि एक तास घरात न बोलता, टीव्ही आणि फोन बंद करून बसा. काही करायचं नाही. पहिली वीस मिनिटं फक्त कामं आठवतात, कागदावर लिहून बाजूला ठेवा, नंतर खाली जे आहे ते वर येतं. 20 ला गब्रीएल मरियेकडे, 21 ला मरिया जखऱ्याच्या बायकोकडे, अलीशिबेकडे, 22 ला मरियेचं गीत, 23 ला त्यांच्या मुलाचा, योहानाचा जन्म, आणि 24 ला सकाळी जखऱ्याचं तोंड उघडल्यावरचं स्तोत्र.

या योहानाचं, म्हणजे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं, एक सांगायचं राहिलं. आगमनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी तो येतोच. लूकच्या तिसऱ्या अध्यायात लोक त्याला तुमच्यासारखंच विचारतात, मग आम्ही काय करावं? आणि तो एकाही प्रार्थनेचं नाव घेत नाही. दोन अंगरखे आहेत त्याने एक द्यावा, जकातदारांनी ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नये, शिपायांनी कोणाला धमकावून पैसे काढू नयेत, पगारात समाधान मानावं. ज्याचं जे काम त्यातलंच उत्तर. तुमच्या ऑफिसात तुमच्या हाताखाली कॉन्ट्रॅक्टवरची मुलं असतील, घरी कामाला बाई असेल, तिचा डिसेंबरचा पगार 20 च्या आत द्या आणि 25-26 सुट्टी द्या. पापनिवेदनाला जाण्याआधी हे बघायला मी सगळ्यांना सांगते.

मेणबत्त्यांच्या चक्राबद्दल (आगमनकाळात दर रविवारी एक मेणबत्ती वाढवत लावतात ते) तुम्ही विचारलंत, की हे कॅथलिकांचं ना, मी लावलं तर चालेल का. अहो ते मूळ तुमच्याच बाजूचं. 1839 मध्ये हॅम्बुर्गला योहान हिनरिख विचर्न नावाच्या लुथरन, म्हणजे प्रोटेस्टंट पाळकाने गरीब मुलांच्या वसतिगृहात गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, कारण पोरं रोज विचारायची नाताळ कधी, नाताळ कधी. कॅथलिकांनी ते नंतर उचललं. तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची एक गुलाबी, मडगावच्या मार्केटात न मिळाल्या तर चारही पांढऱ्या चालतात. सासू तेर्स (जपमाळ) घेते तेव्हाच ती लावा, म्हणजे एक वेगळा कार्यक्रम वाढत नाही. जपमाळेची तुम्हाला सवय नसेल तर दर दशकाला (दहा मण्यांच्या टप्प्याला) नुसतं ऐकत बसा, किंवा तुमच्या मंडळीतलं एखादं मराठी भजन शेवटी म्हणा, सासूला आवडेल बघा.

गोठ्यासाठी नाचणी पेरता का तुम्ही? नसाल तर यंदा पेरा. पसरट ताटात किंवा ट्रेमध्ये बोटभर माती, त्यावर भिजवलेली नाचणी दाट पसरायची, वरून थोडी माती भुरभुरायची आणि हाताने पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही, नाहीतर बी एका कोपऱ्यात वाहून जातं. नाताळच्या दहा-बारा दिवस आधी पेरलीत तर 24 पर्यंत गोठ्यापुढे हिरवं शेत तयार. रोज शिंपडताना त्या आठवड्याची ओळ म्हणा, आणि हे काम मुलांवर ढकलू नका, स्वतः करा.

एवढं सगळं करूनही 24 ला रात्री काही वाटलं नाही तर? वाटणार नाही, असंही होतं. थकलेलं शरीर, रात्री बाराची वेळ, लाउडस्पीकर, मागे कोणीतरी परफ्युम ओतून आलेला. मी तर म्हणेन मिस्साआधी दुपारी दोन तास झोपा, त्याने जितका फरक पडतो तितका कशानेच पडत नाही. लूक सांगतो की मेंढपाळ आले, बोलले, निघून गेले, आणि मरियेने या सगळ्या गोष्टी मनात ठेवून त्यांचं मनन केलं. म्हणजे त्या रात्री तिलाही सगळं लगेच उलगडलं असं नाही. आणि नाताळ 25 ला संपत नाही, 6 जानेवारीला रेइश मागुशला, चांदरला, कासावलीला तीन राजांचं फेस्त असतं, पोरं राजे बनून घोड्यावर येतात, तोपर्यंत गोठा मोडू नका. मागी, म्हणजे हेच तीन राजे, तर लांबून आले, उशिराच पोचले, आणि त्यांना कोणी परत पाठवलं नाही.

कुमसाराचं, म्हणजे पापनिवेदनाचं, तुम्ही विचारलेलं नाही पण सांगते. तुम्ही कॅथलिक चर्चमध्ये रीतसर घेतल्या गेला आहात की नाही यावर ते अवलंबून आहे, म्हणून तुमच्या चर्चच्या फादरशी आधी बोलून घ्या, लाजू नका, त्यांना असे प्रश्न रोजचे असतात. आणि गेलात तर पहिल्या दोन आठवड्यांतच जा, नोव्हेनाच्या शेवटच्या दिवसांत रांग दारापर्यंत येते आणि फादरांनाही घाई असते.